सिंधेवरून आलेली पोहोच

आज मी जो काही आहे, तो वसंतराव जाधवांमुळे. हेच वसंतकाका ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी या वस्तीत, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, कोरड्या फरशीवर होडीत बसून वल्हं मारतात.

होडी म्हणजे कयाक. एकट्यानंच बसायची, काकडीसारखी निमुळती. जिन्यात मावेना, म्हणून बाहेरून दोरानं ओढून वर चढवली. रोज सकाळी सराव. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या गुप्ताभाभी विचारायच्या, "अंकल, कहाँ तक पहुँचे?"

"अभी मोड़ पर हूँ! बीच में मत टोको!"

काका पाटबंधारे खात्यात होते. सिंध नदीत उभ्या केलेल्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. माझे वडील त्याच मोजणीच्या चौकीवर शिपाई. काका म्हणत, "नदी रोज माझ्यासमोरून गेली. मी तिच्यासोबत एक वळणसुद्धा गेलो नाही."

दुसरं वेड पोहोचेचं. जाधवांचे पूर्वज फौजेत. मुक्कामी पोहोचलं की घरी खबर पाठवायची, ही त्यांच्याकडची रीत. चौकीजवळच्या डबरा गावात शिकून मी इंदूरला कॉलेजात निघालो, आमच्या घरातला पहिलाच. फॉर्म काकांनी भरला, ग्वाल्हेर स्टेशनवर त्यांनीच सोडलं आणि हातात एक पोस्टकार्ड ठेवलं. पत्ता त्यांचा. मजकूरही त्यांच्याच अक्षरात, आधीच लिहिलेला: 'सुखरूप पोहोचलो.'

"काका, फोन करतो न."

"फोनवर शिक्का कुठे असतो? शिक्का नाही, तर खबर नाही."

गेल्या नोव्हेंबरात काका होडी घेऊन खरंच सिंधेवर निघाले. वय सदुसष्ट. रात्र वाळूवर तंबूत काढायची आणि सकाळी आठला खालच्या पुलाशी पोहोचायचं. मी बरोबर येतो म्हणालो.

"होडीत जागा एकाची आहे, रमेश. तू पुलावर थांब."

आठ वाजले. नऊ वाजले. फोन लागेना. दहाला मी काठावर उतरून एका नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, "पानी ठंडा है बाबूजी, और उमर भी तो देखिए."

साडेअकराला वळणावरून पिवळं टोक दिसलं. काका ताठ बसलेले, गच्चीवर बसतात तस्सेच. पुलावरचे लोक वाकून बघायला लागले. मी ओरडलो, "ये मेरे काका हैं!" मला कुणी विचारलं नव्हतं.

"साडेतीन तास उशीर!" होडी टेकताच मी चिडलो.

"काय करू? मुक्कामाच्या गावातलं पोस्ट दहाला उघडलं."

मग चहा पिताना ते नदीचं सांगत राहिले. एका वळणावर ऊन पाठीवर, पुढच्या वळणावर तेच डोळ्यांत. पांढरी वाळू, वर मातीचे कडे, आणि पहाटे तंबूबाहेर कोल्ह्याची पावलं. "तीस वर्षं मी फक्त तिची उंची लिहिली रे," काका म्हणाले. "चाल आत्ता पाहिली."

चौथ्या दिवशी दर्पण कॉलनीत, माझ्या घरी, ते कार्ड आलं. 'सुखरूप पोहोचलो,' आणि खाली बारीक अक्षरात: 'तुझी काकू गेल्यापासून पोहोच कुणाला पाठवावी, कळत नव्हतं. तुझ्या पत्त्यावर टाकतो आहे.'

त्याच दुपारी मी त्यांना पत्र टाकलं. आमची घरं एकाच शहरात, तरी तिकीट लावून:

'ती. काकांना साष्टांग नमस्कार.

आपली पोहोच मिळाली. शिक्का अगदी स्वच्छ उठला आहे. शाळेत नेऊन माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवला.

एक कबुली राहिली आहे. इंदूरला निघालो त्या दिवशी आपण पाठ फिरवलीत आणि मी आपलं कार्ड ग्वाल्हेर स्टेशनच्याच टपालपेटीत टाकलं. पुढे आठवण राहील न राहील, असं वाटलं. शिक्का आपण पाहिला असणारच. आजवर एका शब्दानं बोलला नाहीत.

ती पोहोच आज पाठवतो.

सुखरूप पोहोचलो.

आपला,
रमेश'