फुटाला एक सूत

आमच्या शेजारच्या हुसेनचाचांनी पहिल्याच भेटीत माझ्या सासऱ्यांभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि निकाल दिला, "पावणं दोन भागांत निघत्यात. फकस्त नाकाचा साचा येगळा कराय लागंल." सासरे कागलचे, भलते मानी. चहा अर्धा टाकून उठले.

चाचा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. जन्मभर लोखंडाचा रस ओतल्यामुळे समोरचा माणूसही त्यांना ओतीवच दिसायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा धरायचा, हा त्यांचा मंत्र. चाची भाकरी थापायला बसल्या तरी हे मागून ओरडायचे, "फुटाला एक सूत जास्त!"

माझ्या ओळखीच्या एका डायरेक्टरसाहेबांना यंत्रमानवाचा सिनेमा काढायची हुक्की आली. पत्र्याचं अंग करून देणारा कारागीर हवा होता. मी चाचांचं नाव सुचवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"ही यंत्रमानसं तयार कशी हुत्यात?" चाचांचा पहिला प्रश्न.

"बटण दाबायचं. धूर निघतो, धुरातून यंत्रमानव," साहेब म्हणाले.

"बटन दाबून भजी हुत न्हाईत, मानूस हुतोय व्हय?"

मग तासभर त्यांनी साहेबांना यंत्रमानव ओतायचा कारखाना समजावला. आधी लाकडी नमुना, मग दोन पेट्यांत वाळू दाबायची. पोट पोकळ ठेवायचं, "न्हायतर भूक कुठं लागंल त्याला?" आणि ओतला की घाई करायची नाही. "पुरता थंड व्हायच्या आत भाईर काढला, तर वाकडा हुतोय." साहेबांना कारखाना इतका आवडला की बटण रद्द झालं.

महिन्याभरात यंत्रमानव आला. नट आत शिरला आणि दिसेनासाच झाला. आतून नुसता आवाज, "साहेब, बघू कुठनं?"

"चाचा, पत्रा कुठं आकसतो? सूत कशाला धरलंत?"

"हाताची सवय, मास्तर."

मी मास्तर पडलो, हिशेब केलाच. साडेपाच फुटांच्या नटाला साडेपाच सूत, म्हणजे पाऊण इंचसुद्धा नाही. हा तर वीतभर मोठा!

"कापून लहान करा," साहेब म्हणाले.

"सिनेमातनं काढा पायजे तर. पर कापायचा न्हाय."

मला भयंकर राग आला. तावातावाने त्यांच्या घरी गेलो. चाचा नव्हते. चाचींनी दाराची चौकट दाखवली. तिथे खिळ्याने ओढलेली एक रेघ होती, त्यांचा रशीद सोळाव्या वर्षी मामाबरोबर दुबईला गेला त्या दिवशीची. तिच्या वीतभर वर खडूची नवी रेघ. "सा वर्सं झाली जाऊन. आता येवढा झाला असंल म्हनत्यात," चाची म्हणाल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मीच धावपळ करून कसबा बावड्याचा एक उंचापुरा पैलवान आणला. त्याला तो पत्रा अंगाबरोबर बसला.

शूटिंगच्या दिवशी चाचांचा कारखाना उभा राहिला. पेटी उघडली, वाळूतून यंत्रमानव उठला. त्याच्या अंगावरची वाळू झाडायचं काम चाचांकडेच होतं. खांदे झाडता झाडता त्यांचा हात थांबला. मान वर करून त्यांनी पत्र्याच्या गालावर तळवा ठेवला.

"आलास व्हय रे? केवढा वाढलास!"

साहेब 'कट' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून पैलवानाचा आवाज आला, "आलो की."