अनुमोदक पाहिजे

शिवराम अण्णांना चहा विचारला की ते लगेच हो म्हणत नाहीत. आधी खोलीत कोण कोण आहे ते बघतात, मग म्हणतात, "सूचक तर तुमी झाल्या बाई. अनुमोदक कोन?" आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक कदम सर वहीतून डोकं वर न काढता म्हणतात, "माझं अनुमोदन." तेव्हा कुठे अण्णा टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि चहा सर्वानुमते मंजूर होतो. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. अण्णा थट्टा करत नाहीत. कदम सर रजेवर असले तर ते चहा न घेता घरी जातात.

मी केडगावहून स्कूटीवर पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर शिकवायला जाते. दोन खोल्या, एक ओटा, एक कडुलिंब, एवढी शाळा. पण शाळा केवढीही असो, तिला व्यवस्थापन समिती असतेच. समितीत बहुतेक सगळे पालक. एक जागा मात्र 'शिक्षणप्रेमी' माणसाची असते. ती अण्णांची. त्या जागेसाठी वस्तीवर कधी चुरस झाली नाही. शाळेवर प्रेम करायला बाकी कुणाला सवडच नाही.

एरवी 'पानी' आणि 'कोन' म्हणणारे अण्णा समितीत बसले की 'गणपूर्ती' असा ठणठणीत ण काढतात. एकदा मुलींच्या संडासाचं दार मोडलं. बसवायला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा म्हणाले, "मान हलवलेली चालत न्हाई. तोंडानं बोला. सूचक मी. अनुमोदक?" अध्यक्षांचा कांद्याने भरलेला टेम्पो बाहेर उभा होता. ते काकुळतीला आले. "अण्णा, मार्केट गाठायचंय, मंजूर म्हना अन् सोडा आमाला." अण्णा म्हणाले, "कांदा थांबल. ठराव थांबनार न्हाई." पुढे तालुक्याला हेलपाटे घालून ते दार अण्णांनीच आणलं आणि बसवताना सुताराच्या डोक्यावर उभे राहिले. माणूस तऱ्हेवाईक असेल, पण दार बसलं हे सांगायलाच हवं.

समितीपुरतं असतं तरी चाललं असतं. पुतणीच्या लग्नात भटजींनी "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे" म्हटल्याबरोबर अण्णा पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अनुमोदन!" पारनेरच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी सुरू करा म्हणून सांगितलं, तर अण्णा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. दुसरे म्हणाले, गोळी बरोबर आहे. पहिल्या दिवसाची गोळी अण्णांनी तिथेच, त्यांच्यासमोर घेतली.

एका दुपारी कदम सर नव्हते आणि मी चिडले होते. म्हटलं, "अण्णा, घरी एकटे असता. तिथे कोण अनुमोदन देतं तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "हुतं की. घरात कायम अनुमोदन हुतं. मी म्हनायचो, यंदा कांदा लावू. ती म्हनायची, लावा. मी म्हनायचो, पोराला पुन्याकडं धाडू. ती म्हनायची, धाडा. लई शिकलेली नव्हती, पन एक ठराव पडू दिला न्हाई तिनं. आता मी म्हनतो, अन् भिंत बघती माझ्याकडं."

मला फार वाईट वाटलं, आणि राग आपोआप गेला. मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी त्याचा फोन येतो, "जेवले का?" अण्णा उत्तर जुळवेपर्यंत पलीकडे त्याला दुसरं कुणीतरी हाक मारतं.

त्यानंतर प्रौढांच्या साक्षरता वर्गाचा आदेश आला. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना गोळा करा, संध्याकाळी शिकवा, शेवटी परीक्षा घ्या. वस्तीवरच्या बाया दिवसभर कांद्याच्या वावरात वाकलेल्या, त्या कशाला येतात? अण्णांनी दारोदार फिरून आणल्या. आणि पहिल्या संध्याकाळी स्वतः कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत मांडी घालून बसले.

"अण्णा, तुम्ही सातवी पास आहात."

"त्या सातवीला लई वरसं झाली बाई. इसरलो म्हना. माझंबी नाव घाला."

वर्गाला डोकी कमीच होती. मी नाव घातलं.

वर्गात खरी शिकायची ईर्षा होती ती कौसाबाईंना. त्यांची मुलगी शेवगावला दिलेली. मागे कुणीतरी त्यांना गाडीची पाटी ओळखायला 'श' तेवढा शिकवला. नगरच्या स्टँडवर कौसाबाईंनी 'श' बघितला, ऐटीत गाडीत चढल्या आणि शिरूरला उतरल्या. तेव्हापासून सून त्यांना एकटीला पाठवत नाही आणि मुलाला सवड मिळत नाही. वरून घरात काही चुकलं की "शिरूरला चालल्या का आत्याबाई?" हे आहेच. कौसाबाई मला म्हणाल्या, "बाई, मला 'शे' अन् 'शि' यवडं निराळं करून द्या. मग बगते सुनंकडं."

हे काम अण्णा नसते तर लवकर झालं असतं. रोज वर्ग सुरू झाला की अण्णांचा हात वर. "मागील सभेतली अक्षरं वाचून कायम करावीत." मग कालची सगळी अक्षरं एकेकीने वाचायची आणि अण्णांनी 'कायम' म्हणायचं. त्यात अर्धा वेळ जाई. 'ळ' त्यांनी तहकूब ठेवला. 'ज्ञ'वर चर्चा बाकी आहे म्हणाले. कौसाबाई खवळायच्या. "अण्णा, तुमच्या सभंपायी मी मरून जाईन अन् शेवगाव र्‍हाईल!" बाया ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत हसायच्या, आणि सगळ्यांत जास्त अण्णा हसायचे. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या आधी येऊन ओटा झाडून ठेवायचे, सतरंजी अंथरायचे, आणि वर्ग सुटल्यावर कुणी चप्पल शोधत रेंगाळलं तर तेवढंही त्यांना हवं असायचं.

परीक्षा जवळ आली तसे ते चिडचिडे झाले. आदल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ह्या समद्या पास झाल्या का वर्ग बंद?"

"बंद. मग शिकवायचं कुणाला?"

"अन् एखांदा नापास झाला तर?"

"तर त्याच्यासाठी चालू ठेवता येईल थोडे दिवस."

"मग झालं. मी उद्या नापास व्हनार हाय." आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं, पण शिक्षिकेने नापास व्हायला अनुमोदन कसं द्यायचं? मी स्कूटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला शेजारच्या गावचे सर आले. वाचन तोंडी होतं. एकेकाने पुढे जाऊन सर देतील तो कागद मोठ्याने वाचायचा. अण्णांच्या मागे कौसाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या. मी खिडकीपाशी होते.

अण्णांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "वि... वी... ह्ये काय हाय?"

"आजोबा, सावकाश. घाई नाही."

"न्हाई बा. न्हाई येत." कागद सरांच्या हातात परत दिला. अगदी बेमालूम. एखाद्या पोराने गृहपाठ न केल्यावर करावा तसा चेहरा.

तेवढ्यात मागून कौसाबाईंचा आवाज आला. "अण्णाला येत न्हाई? येवड्या सभा घेनाऱ्या मानसाला? मंग माझं काय व्हतंय! जाते बाई मी. सून म्हनती तेच खरं." आणि त्या खरोखरच दाराकडे वळल्या.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सरांच्या हातातून कागद परत ओढून घेतला.

"थांबा सर. चष्म्यात घोटाळा झालता." आणि समितीत ठराव वाचतात त्या खणखणीत आवाजात त्यांनी सगळा कागद वाचला. विहीर, मोट, शेती, पाऊस, कुठे अडखळले नाहीत. खाली परीक्षकांसाठी बारीक अक्षरात सूचना छापल्या होत्या, त्याही वाचल्या. सर म्हणाले, "आजोबा, ते माझ्यासाठी आहे." अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, कायम झालं." आणि कौसाबाईंना म्हणाले, "या. काय न्हाई त्यात. मला येतंय म्हंजी कुनालाबी यील."

कौसाबाई आल्या. ओळीखाली बोट धरून, घाम पुसत, थांबत थांबत त्यांनी सरांनी दिलेला दुसरा कागद वाचला. 'शेती' बरोबर वाचलं, आणि पुढचं 'शिवार'ही. बाहेर येऊन त्या ओट्यावर बसूनच रडल्या.

"अण्णा, आता मी एकटी जानार शेवगावला."

"जावा," अण्णा म्हणाले.

बाया हसत-बोलत निघून गेल्या. सरही गेले. ओट्यावर अण्णा आणि मी उरलो. दोघांनाही माहीत होतं की आता उद्या वर्ग नाही.

अण्णा सतरंजीवरची टरफलं झटकत म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. एक इचारू? लोकं सांजच्याला काय करत्यात वं?"

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "घरी जातात. टीव्ही बघतात."

"टीव्ही हाय की घरी. चांगला मोठा धाडलाय पोरानं," अण्णा म्हणाले. "पन त्यो नुसता बोलतो. त्याला काय इचारावं, तर त्याचं आपलं पुढंच चाललेलं."

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती सावकाश घडी घातली. एरवी ते एकटेच घालायचे.