केरोबाच्या खुनाचा फराळ

एका जंगलात, मुलांनो, बोरखिंड नावाची एक टुमदार वस्ती होती. टुमदार म्हणजे काय ते मध्येच विचारू नका. लहान आणि स्वच्छ, एवढं पुरे.

त्या वस्तीत चोरी होत नसे. मारामारी होत नसे. कोणी कोणाचं बोरसुद्धा न विचारता उचलत नसे. फक्त दरवर्षी दिवाळीत एक खून होत असे.

एकच. दोन नाही. सभ्य वस्ती होती.

नरकचतुर्दशीला अंघोळी आटोपल्या की खून झाल्याचं कळे. भाऊबीजेला खुनी सापडे. मधले दिवस सगळे घरोघरी बसून फराळ करत आणि एकमेकांवर संशय घेत. चिवडा खाताना संशय फार छान येतो. ही मजा बघायला शेजारच्या जंगलांतून पाहुणे येत. त्यांची सोय धर्माजी कोल्हा करी. तो वस्तीचा सरपंचही होता. त्याने वेशीवर पाटी लावली होती: 'बोरखिंड. शांत, सुरक्षित. दिवाळीत खून.'

खून उलगडायचं काम म्हाळसाकाकू टिटवीकडे होतं. काकू ओट्यावर बसून समईच्या वाती वळत. वळता वळता एखाददुसरा प्रश्न विचारत. भाऊबीजेला खुनी आपणहून घडाघडा बोलायला लागे. मग त्याला शिदोरी बांधून देत आणि ओढ्यापलीकडे सोडून येत. पुन्हा इकडे यायचं नाही, एवढीच शिक्षा.

आता तुम्ही विचाराल, प्रेत कोण बघत असे? कोणी नाही. प्रेत बघितलं की सुतक लागतं. सुतक लागलं की फराळ बंद. ऐन दिवाळीत एवढा धोका कोण पत्करील? बोरखिंडीत अक्कल नव्हती असं कोणी म्हणू नये.

आणि मरत कोण असे? ज्याचं सगळ्यांशी वाकडं, तो. गेल्या वर्षी तुळाजी गवा गेला. तो लोकांच्या रांगोळ्या तुडवत असे. त्याच्या आदल्या वर्षी एक वानर गेलं. ते लोकांच्या आकाशकंदिलात तोंड घालून आतला दिवा फुंकत असे. दोघांसाठी कोणी फार रडलं नाही. रडलं तर फराळ खारट होतो.

या वर्षी वसुबारसेला केरोबा साळिंदर अंगणात काटे विंचरत बसला होता. धर्माजी पाहुण्यांचा घोळका घेऊन आला.

"हे केरोबा," धर्माजी म्हणाला. "यांचं सगळ्यांशी भांडण आहे. शेजारच्या दगडू अस्वलाशी जांभळाच्या फांदीवरून. समोरच्या सगुणा रानकोंबडीशी चकलीवरून. माझ्याशी भांडायला तर यांना कारणही लागत नाही. नीट बघून घ्या. मागाहून म्हणाल, दिसले नाहीत."

पाहुण्यांत एक जाडजूड रानडुकरीण होती. तिने केरोबाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"किती टवटवीत आहेत हो अजून," ती म्हणाली. आणि डोळे टिपले. "काही खावंसं वाटत असेल तर खाऊन घ्या, भाऊ."

केरोबाचे काटे ताठ झाले. ते दुपारपर्यंत खाली बसले नाहीत.

केरोबा गर्विष्ठ होता, पण मठ्ठ नव्हता. गवा गेला. वानर गेलं. सगळ्यांशी वाकडं असलेला वस्तीत आता तो एकटाच उरला होता. जगायचं असेल तर सरळ व्हायला हवं होतं. तेही लगेच. दिवाळी तोंडावर आली होती.

फराळाचं ताट आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आईला विचारा. केरोबा मात्र ते दरवर्षी रिकामं पाठवी. वर सगुणाला निरोप देई, "चकली होती की वहाण?"

या वर्षी सगुणाचं ताट आलं तेव्हा त्याने लाडू वळले. जन्मात पहिल्यांदा वळले. वेलची किती घालायची ते कळेना, म्हणून मूठभर घातली. धनत्रयोदशीला ताट घेऊन तो स्वतः सगुणाच्या दारात गेला.

"सगुणा, चकली छान झाली होती तुझी," तो म्हणाला.

सगुणाच्या हातातला झारा खाली पडला.

"आणि पिल्लं कशी आहेत?"

"कोणाची?"

"तुझीच की."

"बरी आहेत," सगुणा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय," केरोबा म्हणणार होता. पण त्याने जीभ आवरली. "तुझ्यासारखे शेजारी असल्यावर मला काय होणार, बाळ?"

सगुणाने ताट घेतलं, दार लावलं आणि आतून कडी घातली.

तिथून तो दगडूकडे गेला. दगडूच्या जांभळाची एक फांदी केरोबाच्या अंगणात येत असे. त्या फांदीवरून दोघांच्या आजोबांनी भांडण काढलं होतं. बापांनी ते सांभाळलं. या दोघांनी वाढवलं.

"दगडू, ती फांदी असू दे," केरोबा म्हणाला. "माझ्याकडे पडलेली जांभळंही तुझीच. मी वेचून आणून देत जाईन."

दगडू बघत राहिला. "म्हणजे भांडायचं नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"भांडून कोणाचं भलं झालंय, दादा?"

दगडू मटकन खाली बसला. त्या दिवशी त्याने मधाला तोंड लावलं नाही.

केरोबा मात्र घरी जाऊन गाढ झोपला. आपण वाचलो, असं त्याला वाटलं.

नरकचतुर्दशी उजाडली. केरोबाने उटणं लावून अंघोळ केली. दारात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. वर पाहतो तर सगळी वस्ती अंगणात उभी. मागे पाहुणे. पुढे म्हाळसाकाकू. हातात कापूस.

"वाईट बातमी आहे," काकू वात वळत म्हणाल्या. "केरोबाचा खून झाला."

"मी तर इथे उभा आहे," केरोबा म्हणाला.

"खुनी नेहमी तिथेच उभा असतो."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांना हे आधीपासून वाटत होतं.

"अहो काकू, मीच केरोबा. हे काटे बघा."

"काटे कोणत्याही साळिंदराला असतात. सगुणे, केरोबा तुझ्या चकलीला छान म्हणाला असता का?"

"मेला असता तरी म्हणाला नसता," सगुणा म्हणाली. "याने म्हटलं. आणि पिल्लांची चौकशी केली. आमचे काका पिल्लांना 'तुझी किरकिर' म्हणायचे."

"याने फांदी सोडली," दगडू म्हणाला. "माझ्या केरोबाने जीव सोडला असता, फांदी सोडली नसती."

"मग प्रेत कुठे आहे? दाखवा," केरोबा ओरडला.

सगळे दोन पावलं मागे सरले. रानडुकरिणीने कानांवर हात ठेवले.

"सणाचं काय अभद्र बोलतोय," धर्माजी म्हणाला. "जातीचा खुनी दिसतो."

मग केरोबाचा संयम सुटला. "तुम्ही सगळे गाढव आहात," तो म्हणाला. "सगुणे, तुझी चकली वातड होती. दगडू, तुझी जांभळं आंबट आहेत. काकू, तुमच्या वाती जळत नाहीत, नुसत्या धुमसतात."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"आवाज तर तोच आहे," सगुणा पुटपुटली. दगडूने आशेने मान वर केली.

धर्माजी पुढे झाला आणि केरोबाला करवंदीच्या जाळीआड घेऊन गेला.

"शांतपणे विचार कर," धर्माजी म्हणाला. "तू खुनी असशील, तर ओढ्यापलीकडे जाशील. वर शिदोरी मिळेल. पण तू केरोबा असशील तर?"

"तर काय?"

"तर खून अजून व्हायचा आहे. पाहुणे आलेत, बाबा. मी त्यांना काय दाखवू? पणत्या?"

केरोबाने जाळीतून पाहिलं. रानडुकरिणीने प्रेमाने हात हलवला.

"मी खुनी आहे," केरोबा म्हणाला.

"हळू. आत्ताच कबूल होऊ नको. भाऊबीजेला हो. तोवर सगळ्यांना संशय घेऊ दे. वर्षाचा सण आहे."

आणि काय दिवाळी झाली म्हणून सांगू. सगुणाने दगडूवर संशय घेतला. दगडूने धर्माजीवर घेतला. धर्माजीने उदार मनाने सगळ्यांवर घेतला. रानडुकरिणीला कोणावर घ्यावा सुचेना, तर तिने स्वतःवरच घेतला आणि करंजी खाल्ली. केरोबालाही घरोघरी बोलावणं होतं. त्याला पाट, त्याला रांगोळी. तो केरोबा होता तेव्हा त्याला दारातूनच वाटेला लावत. आता तो केरोबाचा खुनी होता. मान वाढला होता.

प्रत्येक घरात केरोबाच्या आठवणी निघत. सगळ्यांनी त्याला यथेच्छ नावं ठेवली. केरोबा ऐकत बसे. त्यातली बरीचशी खरी होती, याचाच त्याला जास्त राग येई.

फक्त दगडू काही बोलत नव्हता. कोपऱ्यात बसून होता.

"घे की शेव," धर्माजी त्याला म्हणाला.

"सकाळी उठलो की पहिलं ते भांडण असायचं," दगडू म्हणाला. "मग दिवस बरा जायचा. आता उठू तरी कशाला?"

केरोबाने हातातली करंजी खाली ठेवली.

भाऊबीज आली. सगळे काकूंच्या ओट्यासमोर जमले. पाहुण्यांना पुढे बसवलं. काकूंनी शेवटची वात वळली आणि विचारलं, "केरोबाला का मारलंस?"

केरोबा उभा राहिला. त्याने पाठ केलेलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तो फार गर्विष्ठ होता," केरोबा म्हणाला. "सगुणाची चकली त्याला आवडायची. सगळ्यात आधी तीच संपवायचा. पण छान म्हटलं तर आपण लहान होऊ, असं वाटायचं त्याला. त्या जांभळाची सावली उन्हाळ्यात त्याच्याच अंगणात पडायची. तेही त्याने कधी कबूल केलं नाही. असल्याला ठेवून काय करायचं? मारला मी."

सगुणाने पंखाने डोळे पुसले. दगडू जमिनीकडे बघत होता.

"गेल्या वर्षीच्यापेक्षा चांगलं झालं," रानडुकरीण शेजारणीला म्हणाली.

शिदोरी बांधायला काकू स्वतः बसल्या. बाकीचे निरोपाची वाजंत्री बघायला गेले होते. गाठ मारता मारता काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाडवांत वेलची फार पडली रे, केरोबा."

केरोबा दचकला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हळू बोल."

"मग सांगितलं का नाही?"

"खून झाला, असं मी आधीच सांगून टाकते," काकू म्हणाल्या. "म्हणजे मग कोणाला करावा लागत नाही. हौस आहे ना यांना? ती भागली पाहिजे. नीघ आता. ओढ्याला पाणी आहे, जपून जा."

वाजतगाजत केरोबाला ओढ्यापलीकडे सोडलं. वाजंत्री परत फिरली.

पलीकडे एका झाडाखाली तुळाजी गवा खुराने रांगोळी काढत बसला होता. शेजारी ते वानर पणतीला हाताचा आडोसा धरून होतं.

"या, या," तुळाजी म्हणाला. "तुम्ही काय केलंत?"

"लाडू," केरोबा म्हणाला.

"मी सगुणाच्या दारात रांगोळी काढून दिली. तिथेच पकडला गेलो. प्रेत बघा म्हणून किती सांगितलं. सुतकाला भितात मेले."

"मी वस्तीतले सगळे कंदील लावून दिले होते," वानर म्हणालं. "घ्या ना, बसा. आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही," तुळाजी म्हणाला.

"तुमच्याआधी आम्ही कसे बसणार?" वानर म्हणालं.

शिदोरी तशीच राहिली. कोणीच आधी खाईना. तिथे सगळे इतके सुधारलेले होते. केरोबाला वाटलं, आपण खरंच मेलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुवायला ओढ्यावर आला. समोरच्या काठावर दगडू उभा होता. रोज सकाळी भांडायला बाहेर पडायची सवय, पाय इकडे घेऊन आले होते.

"ए खुन्या," दगडू ओढूनताणून राग आणत म्हणाला. "केरोबा गेला. आता ती फांदी मी पार त्याच्या दारापर्यंत वाढवणार आहे."

केरोबाचे काटे ताड्कन उभे राहिले.

"वाढवून बघ," तो म्हणाला. "तुझ्या आजोबाच्यानं झालं नाही, तुझ्यानं काय होणार, अस्वलटा? आणि आधी तोंड धू. मध चिकटलाय कालपरवाचा."

दगडूचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळूहळू हसायला लागलं. बराच वेळ हसत राहिलं. मग त्याने केरोबाच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. केरोबाने व्याजासकट परत केला. ऊन वर येईपर्यंत दोघे यथास्थित भांडले.

दगडू वस्तीत परतला. कोणालाही एक अक्षर बोलला नाही. केरोबा जिवंत आहे असं कळलं, तर पुढच्या दिवाळीला पंचाईत झाली असती. त्याने एक अख्खं पोळं मध खाल्ला आणि झोपला.

"उद्या लवकर उठायचंय," असं मात्र तो झोपताना म्हणाला.

आता वस्तीत सकाळी सकाळी ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू येतो. धर्माजी पाहुण्यांना सांगतो, ते केरोबाचं भूत आहे. पाटीवर त्याने तेही लिहून घेतलंय.

तात्पर्य: एकाएकी चांगलं वागू नये, ओळख पटत नाही. शेजाऱ्याशी रोज सकाळी थोडं भांडावं, म्हणजे आपण जिवंत असल्याचा साक्षीदार राहतो. सुधारायची फारच हौस असेल, तर दिवाळी होऊन जाऊ द्यावी.