गुढीची रेंज

आसावरीनं गुढी उभारली आणि सबंध गल्लीचं इंटरनेट गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते कुणीही ऐकून घेणार नाही.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावातलं हे आसावरी आणि तिचा नवरा विनय यांचं पहिलं स्वतःचं घर. इतकी वर्षं स्लाऊच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गुढी टीव्हीशेजारी, कोपऱ्यात, शिक्षा केल्यासारखी उभी राहायची. बाहेर काहीही टांगायला घरमालकाची बंदी. यंदा मात्र आसावरीनं वरच्या बेडरूमच्या खिडकीतून ती चांगली ऐटीत बाहेर काढली. काठी कपडे वाळवायच्या दोरीला टेकू द्यायची, कडुलिंबाच्या जागी कढीपत्ता. पण जरीचं वस्त्र आईनं दिलेलं, आणि वर पालथा घातलेला तांब्याचा लखलखीत गडू. खाली रस्त्यावर जाऊन तिनं गुढीकडे बघितलं आणि तिला भरूनच आलं.

"आसावरी, आधी ती उतरव!" विनय फोन हातात धरून धावत बाहेर आला. तो नेटवर्क इंजिनीअर. आज घरूनच काम करत होता.

"उतरव? आत्ता तर उभारलीय!"

"हे वाच."

मोबाइल डेटावर रहिवाशांचा फेसबुक ग्रुप जोरात चालू होता, आणि त्यावर त्यांच्याच खिडकीचा फोटो होता. ही वस्तू सकाळी वर गेली आणि आमचं वायफाय बंद पडलं, असं कुणीतरी लिहिलं होतं. तांबं सिग्नल खेचून घेतं, असं दुसऱ्याचं म्हणणं. तिसऱ्याचा मेव्हणा कुठल्याशा टेक कंपनीत होता, त्यामुळे सगळ्यांचे खासगी मेसेज त्या भांड्यात जमा होताहेत याची त्याला खात्रीच होती.

"अगंबाई! आणि खरं काय झालंय?"

"चौकातल्या राउंडअबाउटपाशी रस्ता खणताना ब्रॉडबँडची केबल तुटलीय. बसलेत जोडत."

"मग तसं लिही ना!"

"लिहिलं गं. कुणी विश्वास ठेवेल तर शपथ."

ठेवणार कसा? ऑनलाइन प्रायव्हसीच्या बाबतीत विनय फार कडक. ग्रुपमध्ये तो 'डेव्हिड' या नावानं शिरला होता, आणि फोटोच्या जागी त्यानं बदक लावलं होतं. आता लोक डेव्हिडलाच फैलावर घेत होते, की बाबा रे, तू कोण, कुठे राहतोस, तुला कुणी कधी पाहिलंय का? ग्रुपवर खरं बोलणारा एवढा एकच माणूस होता आणि खोटं अकाउंट म्हणून तोच पकडला गेला होता.

"नवीन शेजार आहे, आसावरी. कशाला उगाच लोकांची तोंडं वाकडी?"

"सूर्य मावळतीला आल्याशिवाय गुढी उतरवत नाहीत. आणि मी काय चोरी केलीय?" ती तावातावानं म्हणाली खरी, पण मनातून धास्तावली होती. जन्मभर याच लोकांच्यात राहायचं होतं.

तिनं वाटीभर श्रीखंड घेतलं आणि शेजारच्या जॅनेटचं दार वाजवलं. जॅनेटनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं. "नवं वर्ष? किती छान!" ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "पण आमचं वायफाय कधी परत देशील?"

हताश होऊन आसावरी घरी आली. वाऱ्यानं गुढी जरा कलली होती, ती सरळ करायला खिडकीत गेली, आणि नेमकी त्याच क्षणी तिकडे केबल जोडली गेली. समोरच्या घरातून कुणीतरी आनंदानं ओरडलं.

झालं! बाईंनी ते यंत्र फिरवलं आणि नेट आलं, तेही आधीपेक्षा जोरात, असं ग्रुपवर जाहीर झालं. दुपारपर्यंत लोक फोन घेऊन फाटकाशी रेंगाळू लागले. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी तर टोपी काढून विचारलं, "फार त्रास होणार नसेल, तर थोडं आमच्या घराकडे वळवता येईल का?" ती नाही म्हणाली, तेव्हा माफीही त्यांनीच मागितली.

संध्याकाळी ती हळद-कुंकू घेऊन वर गेली. खाली फुटपाथवर जॅनेट आणि दहाबारा जण उभे होते.

"काढायलाच हवं का गं?" जॅनेटनं काकुळतीनं विचारलं.

"अहो, रिकामं भांडं आहे ते! त्यात काही नाही!"

"कळतं आम्हाला. तुला उघड बोलता येत नसेल." जॅनेटनं डोळा मिचकावला.

आसावरीनं कपाळाला हात लावला, आणि मग काठीला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून विनय हेडफोन गळ्यात अडकवून, लॅपटॉप हातात घेऊन धडपडत आला.

"थांब, थांब! क्लायंटचा कॉल चालू आहे!"

"मग?"

"पाच मिनिटं राहू दे की."

"विनय, तो गडू आहे."

"माहितीये गं मला! पण सगळं नीट चाललंय ना, मग कशाला हात लावतेस?"

सूर्य काही क्लायंटसाठी थांबणार नव्हता. आसावरीनं हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि गुढी आत घेऊन कपाटाला टेकवून ठेवली. विनय श्वास रोखून लॅपटॉपकडे बघत राहिला. क्लायंट बोलतच होता.

"हुश्श!" विनय म्हणाला. "आत ठेवली तरी येतंय."