यंत्राचं मौन आणि सदतीस घरांचा निरोप

पुस्तक वाचून मला काय येत नाही? शिवणकाम शिकले पुस्तकातून, सायकलचं पंक्चर काढायला शिकले पुस्तकातून, नवऱ्याचे केस कापायलासुद्धा पुस्तकातूनच! (तेव्हापासून हे घरातही टोपी घालतात, पण ती त्यांची आवड.) त्यामुळे आळीच्या बैठकीत अध्यक्षा कुसुनोकीबाईंनी विचारलं, ''सभागृहातला कॉम्प्युटर कोणाला चालवता येईल?'' तेव्हा माझा हात मला न विचारताच वर गेला!

हा कॉम्प्युटर म्हणजे मोरोझुमीसाहेबांचं लाडकं बाळ. चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एकेक हुकूम टाइप करायचा, की ते ऐकतं. मोरोझुमीसाहेब निवृत्त पूलबांधणीवाले. नेमके गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. जाताना माझ्या हातात एक पुस्तक ठेवून गेले, अगदी नवशिक्यांसाठीचं. मला जरा अपमानच वाटला.

काम होतं कियो आजींचं. वय अठ्ठ्याऐंशी, त्यातली साठ वर्षं आमच्या आळीत. आता डोळ्यांनी दिसेनासं झालं, म्हणून रविवारी त्या कायमच्या लेकीकडे सप्पोरोला निघाल्या होत्या. फोटो देऊन उपयोग काय? म्हणून ठरलं, सदतीस घरांतून एकेक आवाज टिपायचा आणि सगळ्यांची मिळून एक डिस्क द्यायची. मी रेकॉर्डर घेऊन आळीच्या सगळ्या पायऱ्या चढले. सदतीस आवाज घरांच्या नंबराप्रमाणे कॉम्प्युटरमध्ये भरले. रेकॉर्डर आतले आवाज आणि बाहेरची धूळ पुसून लख्ख केला आणि गोड पावांच्या डब्यासकट कुसुनोकीबाईंना परत केला. उसनी वस्तू स्वच्छ करून द्यावी, आणि सोबत काहीतरी द्यावं. एवढं वळण आहे मला!

रविवारी सकाळी बसले. सोबत हे, चहाचा थर्मास घेऊन. पहिला हुकूम : एम-के-डी-आय-आर, पुढे 'निरोप'. म्हणजे 'निरोप' नावाचा फोल्डर कर. बटण दाबलं.

यंत्र गप्प!

आता आमच्या ओनोमिची गावात शेजारणीला ''जरा शिडी मिळेल का?'' म्हणून विचारलं आणि ती गप्प राहिली, तर शिडी मिळणार नसते. तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं. मग आपणच ''छे छे, सहज विचारलं हो!'' म्हणून मागणी मागे घ्यायची. समोरच्याला अवघडायला लावू नये. मी पुस्तकात मागे घ्यायचा हुकूम शोधला. सापडला! आर-एम-डी-आय-आर निरोप.

यंत्र पुन्हा गप्प.

''फारच लागलेलं दिसतंय मनाला,'' मी यांना म्हटलं. हेही गप्प. पण ते नेहमीचंच.

शेवटी दवाखान्यात फोन लावला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट झोपलेला, म्हणून मोरोझुमीसाहेब कुजबुजत होते.

''साहेब, यंत्र माझ्याशी बोलत नाही हो!''

''काही चुकलं म्हणतंय का?''

''काहीच म्हणत नाही.''

''मग झालं की काम! फुमिएताई, ते काम झालं की गप्प बसतं. तक्रार असली तरच तोंड उघडतं.''

''म्हणजे गप्प म्हणजे हो?''

''गप्प म्हणजे हो!''

मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मागणी मागे घेतल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

मग काय! एम-व्ही, एक, निरोप. म्हणजे पहिला आवाज 'निरोप'मध्ये हलव. गप्प. वा! एम-व्ही, दोन, निरोप. गप्प. वा वा! दर दहा आवाजांमागे हे चहा ओतत होते. सदतीस झाले. मग एल-एस, म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. पडद्यावर एकच नाव : निरोप.

''बघा!'' मी म्हटलं. ''सदतीस पाहुणे आत, आणि दारात एक चप्पल वाकडी नाही!''

आता सी-डी निरोप, म्हणजे आत जा. आणि यंत्रानं सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं : 'निरोप हा फोल्डर नाही.'

पुन्हा फोन.

''फोल्डर केला होतात ना?''

''केला होता. मग... मागे घेतला.''

''मागे घेतला?''

''ते अवघडलंय असं वाटलं हो मला!''

मोरोझुमीसाहेबांनी मोठा श्वास घेतला. ''फुमिएताई, फोल्डरच नाही म्हटल्यावर यंत्राला वाटलं, 'निरोप' हे नवं नाव ठेवायचंय. पहिल्याला ठेवलं. मग तेच दुसऱ्याला ठेवलं, पहिला पुसला गेला. तिसऱ्यानं दुसरा पुसला...''

''आणि सदतिसावा?''

''तो तेवढा असेल.''

''बाकीचे परत आणता येतील?''

फोनवर शांतता. हे मौन मात्र मला लगेच कळलं. ते ओनोमिचीचं होतं.

सदतिसावं घर आमचं. आवाज यांचा.

दोन वाजता सभागृह भरलं. खाली रस्त्यावर तीनची टॅक्सी ठरलेली. ''लावा, फुमिएताई!'' कुसुनोकीबाई म्हणाल्या. ''पुस्तकातून शिकलात म्हणे!''

मी लावलं. किटलीचा आवाज आला. घड्याळाची टिकटिक आली. मग, बऱ्याच वेळानं, ''अं... हं.'' संपलं!

मी चटईला कपाळ टेकून सगळं कबूल केलं.

''परत लाव गं,'' कियो आजी म्हणाल्या.

पुन्हा किटली, घड्याळ, अं, हं.

''हा तर तादाओ!'' आजी हसल्या. ''दर शनिवारी माझ्यासाठी टोफू आणायचा. दारात असाच उभा राहायचा, 'अं, हं' करायचा आणि पळायचा. आज बराच बोललाय की!''

कुसुनोकीबाई उठल्या त्या थेट घरी, रेकॉर्डर आणायला. पुन्हा सुरुवात! पण चारचौघांत, आजींच्या समोर, कोणाला शब्द फुटेल तर शपथ. तांदूळवाले नुसते खोकले. न्हावीकाकांनी नाक ओढलं. पहिल्या वेळी सहा मिनिटं भाषण ठोकणाऱ्या कुसुनोकीबाईंना नुसती उचकी लागली. आणि आजी प्रत्येकाला नावानं ओळखत होत्या! ''हा खोकला इशिगुरोचा! सिगारेट सोड रे!''

तीनला रेकॉर्डरच आजींच्या हातात दिला. कॉम्प्युटरला विचारलंसुद्धा नाही.

''हा काही मी पुसून परत करणार नाही हं,'' आजी टॅक्सीतून म्हणाल्या. ''पाव मात्र पाठवीन.''

पायऱ्या चढून घरी येताना मी यांना विचारलं, ''सगळ्या आळीसमोर तुमचा आवाज लावला... रागावलात का हो?''

हे गप्प.

आता हे गप्प यंत्राचं की ओनोमिचीचं, तेवढं मात्र त्या पुस्तकात कुठेच दिलेलं नाही!