मागच्या खोलीतली गलंतिका

प्रकाश मुळ्यांनी सकाळपासून सातव्यांदा मोबाईल डोळ्यांसमोर धरला. आकडा होता सत्त्याहत्तर. मघाशी शहात्तर होता.

"मंगला, एकाने वाढला गं!"

"वाढू दे," स्वयंपाकघरातून मंगलाबाई म्हणाल्या. "बाहेर चव्वेचाळीस आहे. माझाही वाढलाय. माझा कोणी बघून राहिलंय का?"

ताप घरात कुणाला नव्हता. आकडा होता मागच्या खोलीतल्या पेटीचा. बुटाच्या खोक्याहून थोडी मोठी, दोन्ही बाजूंना पंखे असलेली ही लोखंडी पेटी मुलाने, म्हणजे अभिजीतने, डिसेंबरात हैदराबादहून आणून ठेवली होती. ती रात्रंदिवस क्रिप्टोचं मायनिंग करायची आणि मिक्सर चालू ठेवून कोणी गावाला गेल्यासारखी घुमत राहायची. हैदराबादच्या सोसायटीत या आवाजावरून भांडणं झाली, म्हणून ती उज्जैनला, आई-बाबांकडे माधव नगरात आली. प्रकाशरावांनी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली होती, त्यामुळे बायकोला हे समजावणं त्यांच्याकडेच आलं.

"ते गणितं सोडवतं," ते म्हणाले होते.

"कुणाची?"

"सगळ्या जगाची. सुटलं की नाणं मिळतं."

"कुठे आहे नाणं?"

"ते दिसत नाही."

"मग तापतं ते बरं दिसतं," मंगलाबाई म्हणाल्या होत्या, आणि तो विषय तिथेच मिटला होता.

डिसेंबरात सगळं छान होतं. मांजरसुद्धा पेटीमागे येऊन झोपायची. पण एप्रिल उजाडला आणि प्रकाशरावांची झोप उडाली. जाताना अभिजीतने बजावलं होतं, "ऐंशीच्या वर जाऊ देऊ नका, बाबा. पंच्याऐंशीला खेळ खलास. आणि कॉलनीत कुणाला सांगू नका, चोरीबिरी व्हायची." रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. तब्येत कशी आहे हे तो आईला विचारायचा आणि आकडा किती हे बाबांना. बाबा दोन कमी करून सांगायचे. सांगून झालं की त्यांना घाम फुटायचा.

आता एका पेटीसाठी एवढा जीव टाकायचं कारण काय? कारण होतं मासे. अभिजीत दहावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर पचमढीला गेला होता. जाताना काचेच्या टाकीतले तीन सोनेरी मासे बाबांवर सोपवून गेला. सकाळी एक चिमूट खाणं, संध्याकाळी एक चिमूट, असा कागदच लिहून दिला होता. पहिल्या संध्याकाळी ते मासे काचेला तोंड लावून असे काही बघायला लागले, की प्रकाशरावांनी अर्धी चिमूट जास्त टाकली. दुसऱ्या दिवशी तिन्ही मासे पोट वर करून तरंगत होते. अभिजीत परत आला, टाकीकडे पाहिलं आणि एक अक्षर बोलला नाही. त्यानंतर सोळा वर्षांत त्याने बाबांच्या हातात साधी सायकलची किल्लीसुद्धा दिली नाही. मंगलाबाईंनी तर तेव्हापासून त्यांना तुळशीलाही पाणी घालू दिलं नव्हतं. "नको, तुम्ही जास्त घालाल," एवढंच म्हणायच्या.

म्हणून ही पेटी. सोळा वर्षांनी पोराने काहीतरी सोपवलं होतं. आणि सोमवारी त्याचा फोन आला, "बाबा, रविवारी मी आणि तेजस्विनी येतोय. एवढ्या गर्मीत मशीन टिकलं तर तिथेच ठेवतो, नाहीतर इंदूरला मित्राकडे हलवतो. तुमच्यावर उगाच लोड नको."

उगाच लोड नको! हे वाक्य प्रकाशरावांना जेवताना आठवलं, आणि हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. रविवारपर्यंत काही झालं तरी पेटी बंद पडू द्यायची नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

त्याच दुपारी हॉलमधला कूलर मागच्या खोलीत गेला.

"माणसांना पंखा आणि पेटीला कूलर," पदराने वारा घेत मंगलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीचं पण एवढं कोणी करत नाही."

"सहाच दिवसांचा तर प्रश्न आहे!"

"मी तितकी टिकले तर!"

बुधवारी कूलरचा पंप जळाला. मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला, "बाबूजी, सीज़न चल रहा है, सोमवार से पहले मत बोलना." आकडा एकोणऐंशीवर गेला. प्रकाशराव पायात चपला अडकवून बाहेर पडले, का आणि कुठे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळाशी येऊन थबकले. वैशाख लागला की उज्जैनात पिंडीवर भोकाचं मडकं टांगतात आणि त्यातून देवाच्या डोक्यावर थेंब थेंब पाणी पडत राहतं. गलंतिका म्हणतात तिला. प्रकाशराव जन्मापासून ती बघत आले होते, पण त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदाच नीट बघितली. ना पंप, ना वीज, ना मिस्त्री! त्यांनी देवाला नमस्कार केला आणि थेट कुंभाराचं दुकान गाठलं.

तासाभरात मागच्या खिडकीत वाळ्याचा जाड पडदा लागला. पडद्याच्या वर मडकं टांगलं, त्याच्या भोकात सुती वात. वात टपटपायची, वाळा भिजायचा, पेटीचे पंखे त्यातून गार हवा ओढायचे. आकडा बहात्तरवर आला. प्रकाशरावांना इतका आनंद झाला की त्यांनी मंगलाबाईंना हाताला धरून आणून दाखवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नळ एक दिवसाआड येतो, हे तुमच्या मडक्याला सांगितलंय ना?"

त्या दिवसापासून प्रकाशराव मागच्या खोलीतच मुक्कामाला गेले. मडकं दर दीड तासाने भरावं लागे. खोली भट्टीसारखी तापलेली, म्हणून अंगात काही नाही, कमरेला ओला पंचा. घरातलं एकुलतं एक स्टूल पेटीखाली गेलेलं, म्हणून बसायला पाट. नजर पेटीवर आणि ओठांत आकडे: "त्र्याहत्तर… त्र्याहत्तर… चौऱ्याहत्तर…"

ही खिडकी उघडायची शेजारच्या अनसूयामावशींच्या अंगणात. मावशींचं वय सत्तर, नजर पंचविशीतली. त्यांनी दोन दिवस तुळशीआडून सगळं पाहिलं. पाट, ओला पंचा, हलणारे ओठ, अखंड घुमणारा गंभीर नाद आणि वर थेंब थेंब गळणारी गलंतिका. शुक्रवारी त्यांना राहवलं नाही.

"प्रकाशराव, काय चाललंय हो?"

प्रकाशराव दचकले. कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती. आणि खोटं बोलण्याचा त्यांचा कोटा रोज संध्याकाळी फोनवरच संपायचा.

"ते… जरा खाजगी आहे, मावशी."

"कुणासाठी?"

"अभिजीतसाठी."

"अगबाई! आणि किती दिवस?"

"रविवारपर्यंत. तोवर बंद पडता कामा नये, बस. धार तुटली की संपलं सगळं."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिजीत-तेजस्विनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं. "काही काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष आहे." प्रकाशरावांना त्या क्षणी फार आधार वाटला. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना कुठून कळणार!

शनिवारी नळ आलाच नाही. टंकीचा तळ दिसायला लागला, बादल्या रिकाम्या. दुपारी एकला आकडा अठ्ठ्याहत्तर. मंगलाबाई दोन बादल्या घेऊन चौकातल्या टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रकाशरावांनी घरातलं शेवटचं पाणी मडक्यात ओतलं आणि स्कूटर काढून बर्फाच्या कारखान्याकडे सुटले. बर्फ फोडून मडक्यात टाकला की संध्याकाळपर्यंत निभेल, असा हिशोब.

"पूरी सिल्ली दे दो भैया, जल्दी."

अख्खी लादी लोक मयताजवळ ठेवायलाच न्यायचे. बर्फवाल्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "घर में गमी हो गई क्या, बाबूजी?"

"नहीं नहीं! अभी तक तो चल रही है."

"कौन?"

"मशीन."

बर्फवाल्याने आणखी काही विचारलं नाही. पण दुःखाने माणसाचं असं होतं म्हणून त्याने वरून एक तुकडा जास्त दिला.

सिल्ली पोत्यात गुंडाळून, वाटभर पाणी गाळत प्रकाशराव घरी आले. दारातच त्यांच्या नाकाला वास लागला. तापलेल्या दुधाचा, गोड, दाट वास. टँकरहून रिकाम्या हाताने परतलेल्या मंगलाबाई पायरीवर टेकल्या होत्या.

"बासुंदी करतेयस?"

"घरात चहापुरतं दूध नाही, आणि बासुंदी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या खोलीकडे धाव घेतली.

मागच्या उघड्या दाराने आत आलेल्या अनसूयामावशी खोलीत हात जोडून उभ्या होत्या. पेटीवर बेलाची पानं, समोर उदबत्ती. मडक्यातून पांढरंशुभ्र काहीतरी ठिबकत होतं, वाळ्याचा पडदा पांढरा झाला होता, आणि पंखे तो पांढरा तुषार आनंदाने आत ओढत होते.

"मावशी! हे काय केलंत?"

"वाचवलं तुम्हाला!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "धार तुटत आली होती हो! आमच्याकडे पण पाणी नाही. मग दोन लिटर दूध होतं ते ओतलं. तेही संपत आलं, म्हणून पंचामृत केलं. दह्याने वात मधेच तुंबली, तर मोकळी होईपर्यंत हाताने शिंपडत राहिले. पण तुटू नाही दिली! एक क्षण नाही!"

प्रकाशरावांनी मोबाईल पाहिला. ब्याऐंशी. मधामुळे मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीवरून निघून पेटीत शिरत होती. त्र्याऐंशी. त्यांनी बर्फाचा तुकडा मडक्यात टाकला, तर मडकं फुटलं आणि उरलेलं पंचामृत एकदम पडद्यावर आलं. चौऱ्याऐंशी. "मंगला, पुठ्ठा घे, वारा घाल!" मंगलाबाईंनी वारा घातला. मावशींनीही पदराने घातला.

पंच्याऐंशी. पेटीने एक लांब शिट्टी मारली आणि बंद पडली.

पाच महिन्यांत पहिल्यांदाच घर शांत झालं. रस्त्यावरचा भाजीवाला स्पष्ट ऐकू आला. आणि त्याच्या मागून फाटकाशी थांबलेली ऑटो.

"बाबा! सरप्राइज! एक दिवस आधीच आलो!"

अभिजीत आणि तेजस्विनी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ओल्या पोत्यावर वितळणारी सिल्ली, उदबत्ती, बेल, मुंग्या, आणि मधोमध पाटावर मटकन बसलेले बाबा. अनसूयामावशींनी पुढे होऊन तेजस्विनीच्या हातावर पंचामृत ठेवलं. "घे गं. तुझ्यासाठीच चाललं होतं सगळं."

"माझ्यासाठी?" तेजस्विनीने चक्रावून सासूकडे पाहिलं. मंगलाबाईंनी छताकडे पाहिलं.

"अभी," प्रकाशराव म्हणाले. "बंद पडलं रे. मी रोज दोन कमी सांगत होतो तुला. इंदूरला ने. माझ्याच्याने नाही होत. माशांचंही असंच झालं होतं. अर्धी चिमूटच जास्त टाकली होती रे मी, अर्धीच."

अभिजीतने मान खाली घातली. शेवटी तेजस्विनीने त्याला कोपराने ढोसलं.

"सांग ना आता. लग्नाआधी मला सांगितलंस, त्यांना सोळा वर्षं नाही सांगितलं."

"काय सांगायचंय?" मंगलाबाईंनी विचारलं.

"मासे बाबांनी नाही मारले," अभिजीत पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "सहलीला जायच्या सकाळी मी टाकी धुतली होती. कपड्यांच्या पावडरीने. नीट खंगाळली नाही. परत आलो तर बाबा रडवेले होऊन अर्ध्या चिमटीचं सांगत होते. मला बोलायची हिंमतच नाही झाली. आणि मग… तुमच्या हातात काही दिलं आणि बिघडलं, तर तुम्ही परत तसंच तोंड कराल. मला ते तोंड बघवत नाही, बाबा. म्हणून नव्हतो देत काही."

प्रकाशरावांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसले. आता बापलेक गळ्यात पडणार, म्हणून मावशींनी आधीच पदर डोळ्यांना लावून ठेवला.

अभिजीत पुढे झाला. "काही जळलं नसेल. पंच्याऐंशीला ते स्वतःच बंद होतं. सोडा, मी उघडून साफ करतो."

"हात लावू नकोस!" प्रकाशराव पाटावरून ताडकन उठले.

"अहो बाबा, मी फक्त…"

"सरक मागे. तुझा काही भरवसा नाही. तू पावडर लावशील." त्यांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "इंदूरबिंदूर काही नाही. पेटी इथेच राहील. तुला आकडा विचारायचा असेल तर संध्याकाळी फोन कर, मी खराच सांगेन."

जुना टूथब्रश आणि सुकं फडकं घेऊन ते तास दीड तास एकेक पातं पुसत बसले. अभिजीत लांबून टॉर्च धरून उभा होता, आणि तोही नीट धरत नाही म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. उन्हं कलली तेव्हा पेटी उघडून वाळत ठेवली होती, बर्फाचं पाणी झालं होतं, आणि ते पाणी मंगलाबाईंनी वाया न घालवता पातेल्यात धरलं होतं.

त्यातलंच एक तांब्याभर पाणी घेऊन त्या आल्या आणि नवऱ्याच्या हातात तांब्या दिला.

"काय हे?"

"तुळस सकाळपासून कोरडी आहे. घाला जा."

प्रकाशराव तांब्या दोन्ही हातांत धरून अंगणात गेले. वृंदावनासमोर उभे राहिले. तांब्या तिरपा केला, पुन्हा सरळ केला, आणि वळून दाराकडे बघत हळूच विचारलं,

"किती घालू?"

"सगळं," मंगलाबाई म्हणाल्या.