राहिलेलं फिजिक्स

बारावीला प्रणोती उगलेचं फिजिक्स राहिलं, ते तिच्याच घरी राहिलं. परसातल्या पेरूच्या झाडाला ते बांधलेलं असायचं. अंगाने मोठ्या वासराएवढं, रंगाने राखी, आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी विचारायचा भाव. गल्लीत कुणाला त्याचं नवल नव्हतं. समोरच्या घोलपांकडे थोरल्याचं इंग्रजी कित्येक वर्षं होतं. ते खायचं कमी आणि बोलायचं तर मुळीच नाही.

पहिलं वर्षभर प्रणोतीने त्याचं तोंड पाहिलं नाही. मेडिकलला गेलेल्या मैत्रिणींचे फोटो बघायचे आणि परसदाराला कडी घालायची, एवढंच तिचं काम. मग एकदा फिजिक्सचं पोट फुगलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राहिलेल्या विषयांवर आपण उपचार करत नाही म्हणून हात झटकले. तेव्हा प्रणोतीनेच त्याला गोडेतेल पाजलं, पोट चोळलं, गल्लीभर फिरवलं. संध्याकाळी त्याने दणदणीत ढेकर दिला आणि तिला आनंदाने रडू फुटलं. आपल्याला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, हे तिला त्या ढेकरानेच कळलं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाने मुलाखतीला येताना राहिलेला विषय सोबत आणायला सांगितलं होतं. बाकीच्या मुलांचे विषय हाडं निघालेले, कुणाच्या पाठीवर वळ. प्रवेशाचं काम बघणाऱ्या डॉ. आष्टुरेंनी प्रणोतीच्या फिजिक्सचे दात पाहिले, पापणी उलटून पाहिली, आणि त्याच्या तब्येतीवर ते बेहद्द खूश झाले. मग त्यांची नजर दाव्याच्या गाठीवर गेली. ही इतकी घट्ट कोण आवळतं, असं त्यांनी विचारलं.

"मीच," प्रणोती म्हणाली. "अभ्यासाला त्याच्याजवळच बसते, सर. उत्तर बरोबर आलं की गाठ सैल होते. मग परत आवळते."

"का?"

"सुटलं तर जाईल ना ते."

आष्टुरेंनी चष्मा काढून शांतपणे पुसला. "अगं, बरं झालेलं जनावर बांधून ठेवणारी डॉक्टर आमच्या काय कामाची? ते सुटू दे. फेरपरीक्षेच्या निकालापर्यंत तुझी जागा मी धरून ठेवतो."

घरी आल्यावर प्रणोतीने अभ्यास केला, पण गाठीला हात लावला नाही. फार जड गेलं तिला ते. निकालाच्या सकाळी वडील तिला हाक मारायला आले, तेव्हा दावं झाडाखाली पडलेलं होतं. फिजिक्सने तिचा हात एकदा हुंगला आणि फाटकातून बाहेर पडलं. फिजिक्स सुटल्यावर इतकं रडणारं माणूस वडिलांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आता डॉक्टर होणार तू, वेडाबाई, असं म्हणत त्यांनी तिचे डोळे आपल्या पंच्याने पुसले.

फिजिक्स मात्र फार लांब गेलं नाही. दोन घरं सोडून कुलथ्यांच्या दारात थांबलं. त्यांच्या सायलीचाही निकाल त्याच सकाळी लागला होता. सायली अंगणात केरसुणी उगारून उभी होती.

प्रणोती डोळे पुसत तिथे गेली. "मारू नकोस गं," ती म्हणाली. "मारलं की जास्त दिवस राहतं."

सायलीने केरसुणी खाली घेतली. दारातून तिच्या आईने जरा संकोचून विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे खातं तरी काय?"